‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ नव्यानं कापताना: आधी कारणं सांभाळा, मग मिनिटं मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन: डॉन ऑफ जस्टिस’ची १८२ मिनिटांची ‘अल्टिमेट एडिशन’ घेऊन प्रश्नकर्त्यानं स्वतःची आवृत्ती कापायला घेतली आहे. लक्ष्य दोन तास दहा मिनिटांचं. सुरुवातीचा वेन दांपत्याचा, म्हणजे बॅटमॅन ऊर्फ ब्रूस वेनच्या आईवडिलांचा खून, ब्रूसची स्वप्नं, फ्लॅश-ॲक्वामॅन या इतर नायकांच्या क्लिप आणि आफ्रिकेतला बराचसा भाग काढून झाला आहे. चित्रपट आटोपशीर झाला, पण पाहणारे विचारतात की लोक सुपरमॅनवर एवढे का चिडलेत, आणि ‘मार्था’ हे नाव ऐकून बॅटमॅनचा हात का थांबतो. जोडाच्या जागी आवाजही तुटतो. तर आता काय करायचं, सॉफ्टवेअर कोणतं वापरायचं, आणि हे कायद्यात बसतं का?

एडिटिंग हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. दिवसा मालिका आणि जाहिराती, आणि हौस म्हणून फॅन-एडिट, म्हणजे चाहत्यानं नव्यानं कापलेले चित्रपट. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण तुम्ही अडलात ती जागाच या कामाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे दोन तास दहा मिनिटांचा आकडा डोक्यातून काढून टाका. याच चित्रपटाच्या बाबतीत लांबीचा आग्रह एकदा होऊन गेला आहे आणि त्याचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. मार्च २०१६मध्ये थिएटरात आलेली आवृत्ती १५१ मिनिटांची होती. त्याच वर्षी घरी बघण्यासाठी आली ती १८२ मिनिटांची. मधल्या अर्ध्या तासात काय होतं? मारामारी फारशी नव्हती. होती ती चौकशी. पत्रकार लोईस काय शोधते, क्लार्क (म्हणजे सुपरमॅनच) बॅटमॅनच्या गॉथम शहरात जाऊन कुणाला भेटतो, साक्ष देणारी बाई खोटं का बोलली. म्हणजे स्टुडिओसाठी लांबी कमी करताना कात्री लागली ती कारणांना, आणि परिणाम सगळे जागच्या जागी राहिले. तुम्ही लांब आवृत्ती हातात घेऊन पुन्हा कारणंच कापलीत, म्हणून तुमच्या मित्रांना नेमके तेच प्रश्न पडले जे २०१६ साली थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांना पडले होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की दीडशे मिनिटांच्या आसपास थांबलात तरी चालेल, पण ती दीडशे मिनिटं थिएटरातल्या दीडशेपेक्षा वेगळी हवीत. कारणं ठेवा आणि तमाशा कमी करा.

आता जवळून बघू. आफ्रिकेतल्या नैरोमी गावाचा भाग घ्या. लोईस एका बंडखोर सरदाराची मुलाखत घ्यायला जाते, तिच्याबरोबरचा फोटोग्राफर गुप्तहेर निघतो, गोळीबार होतो, सुपरमॅन येऊन तिला वाचवतो. पुढे सगळं जग म्हणतं की तिथली माणसं सुपरमॅनमुळे मेली. थिएटर आवृत्तीत प्रेक्षकानं पाहिलेलं असतं की ती माणसं बंदुकीच्या गोळ्यांनी मेली. मग सुपरमॅनवर आळ कसा? लांब आवृत्तीत उत्तर आहे: भाडोत्री मारेकरी प्रेतांवर आगीचे लोळ सोडून ती जाळतात, म्हणजे ती सुपरमॅनच्या डोळ्यांतल्या किरणांनी जळाली असं वाटावं. पडद्यावर हे काही क्षणांचंच काम आहे. पण त्या क्षणांवर सिनेटची सुनावणी, शहरातली निदर्शनं, ब्रूसचा संशय आणि लोईसचा अख्खा शोध उभा आहे. लोईसला तिच्या वहीत रुतलेली जी गोळी सापडते तीही याच गावातली. ती गोळी पुढे खलनायक लेक्स लूथरच्या कंपनीपर्यंत जाते. नैरोमीतून काही काढायचंच असेल तर ड्रोनचा भाग काढा, फोटोग्राफरची ओळखपाळख आटोपा. प्रेतं जाळण्याला आणि गोळीला हात लावू नका.

गवंडी भिंत पाडण्याआधी तिच्यावर तुळई टेकली आहे का ते बघतो. सीन काढण्याआधी तसंच बघायचं. मी प्रत्येक चित्रपटासाठी एक साधी वही करतो. डाव्या बाजूला सीन, उजव्या बाजूला दोन गोष्टी: या सीनमध्ये प्रेक्षकाला पहिल्यांदा काय कळतं, आणि ते पुढे कुठे लागतं. सीन कंटाळवाणा आहे की छान, हे त्या वहीत लिहायचंच नाही. ते आपल्याला आधीपासून माहीत असतं आणि तेच आपली दिशाभूल करतं. या चित्रपटाची वही भरायला दोन-तीन संध्याकाळी जातील. त्या संध्याकाळी टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या क्लिप मांडायच्या पट्टीवर, एकही कट मारू नका.

वही भरली की ‘मार्था’चं कोडं आपोआप सुटतं. हे नाव प्रेक्षकाच्या कानात कुठे-कुठे घातलं आहे ते शोधा. सुरुवातीच्या खुनात थॉमस वेन मरताना बायकोचं नाव घेतो. पुढे ब्रूसच्या दुःस्वप्नात आईच्या थडग्यावर ते नाव दिसतं. तुम्ही खूनही काढलात आणि स्वप्नंही. म्हणजे नावाच्या दोन्ही खुंट्या उपटल्या. मग शेवटी सुपरमॅन ते नाव उच्चारतो तेव्हा प्रेक्षकाला ते फक्त क्लार्कच्या आईचं नाव वाटतं, दोघांच्या आयांचं नाव एकच आहे हे कळत नाही. त्या क्षणी चित्रपट खुनाची आठवण झर्रकन दाखवतो खरा, पण आठवण म्हणजे आधी पाहिलेल्या गोष्टीची आठवण. पहिल्यांदाच दिसत असेल तर ती माहिती होते, आणि भाला रोखलेला असताना प्रेक्षकाला माहिती देत बसायला वेळ नसतो.

वेन दांपत्याचा खून आजवर इतक्या चित्रपटांत पाहिला आहे की तो उडवायचा मोह प्रत्येक फॅन-एडिटरला होतो, आणि त्यात गैर काही नाही. पण या चित्रपटात तो आख्खा उडवता येत नाही. मोत्यांची माळ, थॉमसच्या तोंडून निघालेलं शेवटचं नाव एवढं राहू द्या. लहानग्या ब्रूसचं विहिरीसारख्या खड्ड्यात पडणं आणि वटवाघळांनी त्याला वर उचलणं, हे काढायचं असेल तर काढा. मात्र एक अडचण ध्यानात घ्या. या सगळ्या भागावर श्रेयनामं चालू असतात, मोठ्या ब्रूसचं निवेदन असतं, आणि खाली संगीताचा एकच सलग तुकडा वाहत असतो. मधलं चित्र काढलंत की संगीताला भोक पडणार. ते बुजवण्याबद्दल पुढे लिहितो.

स्वप्नांपैकी वाळवंटातलं मोठं स्वप्न आणि त्यानंतर फ्लॅशचं येऊन ओरडणं हे खुशाल काढा. त्याचा भार या चित्रपटावर नाही, पुढे येणाऱ्या चित्रपटांवर आहे. ब्रूस संगणकासमोर बसलेला आणि फाइल उलगडल्याचं स्क्रीनवर दिसणं, हे दोन टोकं सहज जोडता येतात. थडग्याचं स्वप्न मात्र लहान करून ठेवा. थडग्यावरचं नाव वाचता येईल इतका वेळ शॉट टिकला पाहिजे.

डायनाला (म्हणजे वंडर वुमनला) आलेल्या ईमेलचा भाग अवघड आहे आणि यावर माझ्या ओळखीच्या फॅन-एडिटरांमध्ये एकमत नाही. दोघांची झुंज तोंडावर आलेली असताना चित्रपट थांबतो आणि डायना लॅपटॉपवर तीन जणांच्या क्लिप बघत बसते. लय मरते, यात शंका नाही. पण ईमेल पूर्ण काढला तर १९१८चा तिचा जुना फोटोही जातो, आणि मग ही बाई कोण, ती शेवटच्या लढाईत कुठून आली, याला आधार उरत नाही. दफनविधीनंतर ब्रूस तिला ‘तुझ्यासारखे आणखी’ लोक शोधायला हवेत असं म्हणतो, तेही हवेत तरंगतं. मी असं करीन: फोटो ठेवायचा, फायलींच्या यादीवर तिची नजर फिरते तो शॉट ठेवायचा, ॲक्वामॅन आणि सायबॉर्गच्या क्लिप पूर्ण काढायच्या, फ्लॅशचीही. यादी पाहिली म्हणजे आणखी लोक आहेत एवढं कळतं, आणि तेवढंच हवं आहे. हा भाग झुंजीच्या आधीच्या शांत जागेत थोडा मागेही सरकवता येतो, पण फार मागे नाही. रात्र, हॉटेलची खोली आणि नंतरचं विमान यांचा क्रम सांभाळावा लागतो.

कॅपिटॉलमधल्या, म्हणजे सुनावणी चालू असलेल्या संसदभवनातल्या, स्फोटाचंही असंच आहे. सुपरमॅन तिथे उभा असताना त्याला बॉम्ब दिसला कसा नाही? लांब आवृत्ती सांगते की ज्या व्हीलचेअरमध्ये बॉम्ब होता तिला शिशाचं अस्तर होतं. आणि त्या खुर्चीत बसलेल्या वॉलेस कीफच्या घरात नुकताच भरलेला किराणा होता, म्हणजे तो मरायला निघालेलाच नव्हता. हे दोन्ही सीन बोलके आहेत, दिसायला साधे आहेत, आणि कात्री हातात असली की पहिल्यांदा तेच डोळ्यांत खुपतात. ते वाचवा. स्फोटानंतर सुपरमॅन जखमींना उचलून बाहेर आणतो तो शॉटही वाचवा. त्या एका शॉटनं सुपरमॅनबद्दलचं मत बदलतं.

मग मिनिटं कमी कुठून करायची? डूम्सडे या राक्षसाबरोबरच्या लढाईतून, बॅटमोबिलच्या पाठलागातून, लेक्सच्या घरच्या मेजवानीतून, त्याच्या लांबलचक बोलण्यांतून, आणि लांब आवृत्तीत शेवटी आलेल्या त्या जहाजातल्या राक्षसी आकृतीच्या सीनमधून. हा शेवटचा सीनही पुढच्या चित्रपटासाठीच आहे. मारामारी कापताना शॉट मोजून कापू नका, देवघेव मोजून कापा. एक ठोसा, त्याचं उत्तर, आणि त्यातून बदललेली जागा, हा एक घास. घास अख्खा काढायचा किंवा अख्खा ठेवायचा. अर्धा काढला की कोण कुठे उभा आहे हे कळेनासं होतं आणि प्रेक्षक थकतो. लोईस भाला पाण्यात टाकते आणि थोड्या वेळानं तोच काढायला परत जाते, हा भाग बऱ्याच जणांना नकोसा वाटतो. तो काढता येत नाही. शेवटी सुपरमॅनच्या हातात तो भाला यायचा आहे.

कारणांचं महत्त्व पटवायला दुसरं उदाहरण हवं असेल तर २००३चा ‘डेअरडेव्हिल’ बघा. थिएटर आवृत्ती १०३ मिनिटांची, पुढच्या वर्षी आलेली दिग्दर्शकाची १३३ मिनिटांची. त्या वाढीव अर्ध्या तासात मुख्यतः एका खटल्याचा अख्खा धागा परत आला आहे. नायक मॅट मर्डॉक वकील आहे हे नुसतं म्हणण्यापुरतं राहत नाही, तो वकिली करताना दिसतो. अर्धा तास जास्त असूनही ती आवृत्ती मला कमी लांब वाटते, कारण प्रत्येक गोष्ट कशातून तरी निघते. एडिटिंग शिकणाऱ्या मुलांना मी या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी लावून बघायला सांगतो.

उलट बाजूनं एक सावधगिरी. काही जण २०१७ची ‘जस्टिस लीग’ आणि २०२१ची दिग्दर्शक झॅक स्नायडरची आवृत्ती एकत्र करून ‘दोन्हींतलं चांगलं’ काढू बघतात. पहिली १२० मिनिटांची, दुसरी २४२. पण पहिलीची चौकट उंचीच्या १.८५ पट रुंद, दुसरीची १.३३ पट, म्हणजे चौकोनी. पहिलीला डॅनी एल्फमनचं संगीत, दुसरीला टॉम होल्कनबोर्गचं. रंगसंगती वेगळी. पहिलीत सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलच्या बऱ्याच सीनमध्ये संगणकानं मिशी पुसलेला ओठ. चौकट कापून जुळवता येईल, रंग बराचसा जुळेल, पण संगीत दर सीनला आपली ओळख सांगत राहतं. तुम्ही एकच आवृत्ती पाया म्हणून घेतली आहे, तो निर्णय योग्य आहे. शिवाय ‘अल्टिमेट एडिशन’मधला वाढीव भाग पूर्ण तयार आहे: रंग झालेला, इफेक्ट झालेले, आवाज मिसळलेला. इतर चित्रपटांच्या डिस्कवर वगळलेले सीन येतात ते बहुधा कच्चे असतात. अर्धवट इफेक्ट, साधा स्टिरिओ आवाज, कधी वर टाइमकोड, म्हणजे वेळेचे आकडे, छापलेला. ते मूळ चित्रपटात बसवणं हे वेगळंच दुखणं आहे.

कच्च्या सामग्रीची मर्यादा खुद्द स्टुडिओलाही चुकलेली नाही. ‘सुपरमॅन २’चं चित्रीकरण रिचर्ड डॉनरनं पहिल्या भागाबरोबरच बरंच उरकलं होतं, मग त्याला काढून रिचर्ड लेस्टरकडे काम दिलं गेलं. २००६ साली डॉनरची आवृत्ती जोडून बाहेर आली तेव्हा लोईस क्लार्कवर पिस्तूल झाडून त्याचं बिंग फोडते हा सीन कधी चित्रित झालेलाच नव्हता. मग क्रिस्टोफर रीव्ह आणि मार्गो किडर यांच्या स्क्रीन-टेस्टमधले तुकडे लावून तो उभा केला. केस, चष्मा, अंगकाठी यांतला फरक उघड दिसतो. तरी तो सीन चालतो, कारण कथेला तो हवा होता आणि दोघं मनापासून खेळलेत. प्रेक्षक चित्रातली खोट सहन करतो. आवाजातली खोट मात्र त्याला सहन होत नाही. ती का खटकली हे त्याला सांगता येत नाही, पण तो चित्रपटातून बाहेर पडतो.

आता त्या आवाजाकडे वळू. फॅन-एडिटमधलं निम्म्याहून जास्त काम आवाजाचं असतं. तुमचा जोड तुटतोय कारण तुम्ही चित्र आणि आवाज एकाच जागी कापताय. ५.१चा, म्हणजे सहा चॅनेलचा, आवाजाचा ट्रॅक घ्या आणि त्याचे सहाही चॅनेल टाइमलाइनवर सुटे करा. मधल्या चॅनेलवर मुख्यतः संवाद असतात. डाव्या-उजव्या आणि मागच्या चॅनेलवर संगीत आणि ॲम्बियन्स, म्हणजे त्या जागेचा पार्श्वभूमीचा आवाज. सहाही चॅनेल एकाच फ्रेमवर कापायची काहीच गरज नाही. संवाद चित्राबरोबर कापा. ॲम्बियन्स जोडाच्या पुढे वाहू द्या. पुढच्या सीनचा आवाज थोडा आधी आणा, ज्याला आपण जे-कट म्हणतो, किंवा मागच्या सीनचा थोडा रेंगाळू द्या, म्हणजे एल-कट. नुसत्या एवढ्यानं तुमचे बरेचसे जोड दिसेनासे होतील.

राहिलेल्यांचं मूळ संगीतात असतं. हान्स झिमर आणि जंकी एक्सएल, म्हणजे तेच होल्कनबोर्ग, यांचं या चित्रपटाचं संगीत जाड आहे, ते क्वचितच थांबतं. चित्राच्या सोयीनं कापलंत की ठेका चुकतो. म्हणून अशा जागी क्रम उलटा करा. आधी संगीत ऐका, त्यात सुरक्षित जागा शोधा: ठेक्याचा पहिला ठोका, सूर बदलण्याआधीचा श्वास, किंवा एखादा मोठा आवाज ज्याच्या आड जोड लपेल. दार आपटणं, स्फोट, गाडीचं वळण. मग चित्राचा कट त्या जागेकडे सरकवा. दोन-चार फ्रेम इकडे-तिकडे झाल्यानं चित्राचं काही बिघडत नाही.

सुरुवातीच्या खुनाच्या भागात संगीताला पडणारं भोक म्हणतो ते इथे येतं. मधला तुकडा काढल्यावर दोन टोकांचा सूर जुळला नाही, तर चित्रपटाच्या संगीताच्या अल्बममधला तोच तुकडा घ्या आणि खालून पूल बांधा. अल्बमचं मिक्सिंग चित्रपटातल्यापेक्षा वेगळं असतं, त्यामुळे पातळी कानानं जुळवा, आणि पूल शक्य तितका लहान ठेवा. निवेदनाचं वाक्य मध्येच तोडू नका. निवेदन कुठे संपतं त्यावर काय कापायचं ते ठरेल.

संवाद संगीतापासून वेगळे करणारी मोफत साधनं आता आहेत. ‘अल्टिमेट व्होकल रिमूव्हर’ आणि ‘डेमुक्स’ ही त्यातली नावाजलेली. त्यांचा उपयोग आहे, पण त्यांनी काढलेला आवाज एकटा वाजवू नका. त्यात पाण्याखालून आल्यासारखा एक थरथराट राहतो. तो पावसाखाली, रहदारीखाली, दुसऱ्या संगीताखाली झाकला जातो. शांत खोलीत तो लगेच उघडा पडतो.

आपल्याकडच्या लोकांना एक सोय आहे. डिस्कवर हिंदी डब असेल तर त्याचं संगीत आणि इफेक्ट मूळचेच असतात, फक्त संवाद वेगळे. इंग्रजी वाक्य चालू असताना हिंदीत क्षणभर शांतता सापडली, तर त्या जागेचा स्वच्छ ॲम्बियन्स तिथून उचलता येतो. डबचा ट्रॅक बहुधा जास्त दाबलेला असतो आणि त्याची पातळीही निराळी असते, म्हणून हे लहान ठिगळांपुरतंच. पण नेमक्या जागी ते दुसऱ्या कुठल्याही उपायापेक्षा चांगलं बसतं.

प्रत्येक ठिकाणचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या खोलीचा आवाज, वेगळा काढून ठेवा. डेली प्लॅनेटचं ऑफिस, ब्रूसचं तळघर, सिनेटचं दालन. संवादांच्या मधल्या जागांतून दोन-तीन सेकंद मिळतात, ते उलटसुलट जोडून लांबवा. कट मारल्यावर जिथे खोली अचानक मुकी होते तिथे हा टोन घाला. काम झाल्यावर चित्र बंद करून फक्त आवाज ऐका, तेही हेडफोनवर. डोळे मिटून जिथे मान वर झाली तिथे जोड उघडा आहे.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात, कारण तो प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती या कामाला पुरते, आवाजाचं पानही त्यात चांगलं आहे. प्रोजेक्ट उघडल्या-उघडल्या टाइमलाइन सेकंदाला २३.९७६ फ्रेमवर ठेवा. एकदा काम सुरू झालं की ते बदलता येत नाही. ब्लू-रेची फाइल तशीच टाइमलाइनवर टाकलीत तर ती अडखळेल, कारण ती दाबलेली असते आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली नसते. मॅकवर ‘प्रोरेस ४२२’, विंडोजवर ‘डीएनएक्सएचआर’ या एडिटिंगसाठीच्या फाइल-प्रकारात आधी रूपांतर करा. ‘प्रोरेस ४२२’मध्ये एचडी आकाराचा हा चित्रपट साधारण १६० जीबी होतो, त्याप्रमाणे डिस्क मोकळी ठेवा. पाल या टीव्हीच्या जुन्या पद्धतीच्या डीव्हीडीवरून एखादा तुकडा घ्यायचा मोह झाला तर लक्षात असू द्या की ती सेकंदाला २५ फ्रेमनं चालते. चित्रपट सुमारे चार टक्के वेगानं पळतो आणि अनेकदा आवाजही वर चढतो. तो ब्लू-रेच्या शेजारी बसणार नाही.

कायद्याचा भाग गंभीर आहे आणि त्यात आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. भारतात १९५७चा कॉपीराइट कायदा लागू होतो. त्याच्या कलम ५२मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, तसंच टीका आणि समीक्षेसाठी ‘उचित वापरा’ची सूट आहे. परदेशी फॅन-एडिटर ‘फेअर यूज’ या ज्या अमेरिकन तत्त्वाचा हवाला देतात ते याहून सैल आहे, इथे ते जसंच्या तसं चालत नाही. शिवाय २०१२च्या दुरुस्तीनं कलम ६५ए आलं. हक्कभंगाच्या हेतूनं डिस्कवरचं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. स्वतः विकत घेतलेल्या डिस्कवरून, स्वतःच्या घरी, स्वतः बघायला आणि शिकायला केलेलं काम वैयक्तिक वापराच्या सर्वांत जवळ जातं. पूर्ण चित्रपट नेटवर चढवणं, लिंक वाटणं, पैसे किंवा देणगी घेणं, गणेशोत्सवात मंडळाच्या पडद्यावर दाखवणं, यातलं काहीही त्या सुटीत बसत नाही. तुमचं काम लोकांना दाखवायचं असेल तर कापलेल्या जागांची छोटी तुलना दाखवा: मूळ असं, माझं असं, आणि मी हे का केलं. ती समीक्षा होते, आणि शिकणाऱ्याला अख्ख्या चित्रपटापेक्षा तिचाच जास्त उपयोग असतो. मोठं काही करायचं झालं तर वकिलाला विचारा.

कायद्यापलीकडचीही एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो, दिग्दर्शक नाही. २०२५ साली ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेनं बदलून हक्क असलेल्या कंपनीनं ती पुन्हा थिएटरात लावली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष या दोघांनी जाहीर विरोध केला, तरी ती लागली. त्यांचं दुःख मला पूर्ण समजतं. नटानं जे केलं नाही ते त्याच्या चेहऱ्यानं करवून घेणं आणि तो बोलला नाही ते त्याच्या आवाजात बोलवणं, हे एडिटिंग नव्हे. तुमच्याकडे आवाजाची नक्कल करणारी साधनं असतील तरी ‘मार्था’ची अडचण सोडवायला नवं वाक्य तयार करू नका. चित्रित झालेल्या सामग्रीतून मार्ग काढा. मार्ग निघत नसेल तर तो सीन मूळ स्वरूपात ठेवा. बॅटमॅन झालेल्या बेन ॲफ्लेकनं त्या सीनमध्ये जे केलं आहे ते कुणाला आवडो न आवडो, त्याचं आहे.

पहिली कापणी झाली की दोन प्रकारच्या माणसांना दाखवा, तुमच्या घरी, तुमच्यासमोर. एक, ज्यानं चित्रपट पाहिलेलाच नाही. दोन, ज्याला तो तोंडपाठ आहे. पहिला माणूस कारणं तपासतो, दुसरा जोड. पहिल्याला चित्रपट संपल्यावर ‘आवडला का’ विचारू नका. सुनावणीचा सीन झाल्यावर थांबवून विचारा की लोक सुपरमॅनवर का चिडलेत. त्यानं प्रेतं जाळल्याचं सांगितलं तर नैरोमी जागेवर आहे. दुसरा माणूस बघत असताना तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. जिथे त्याच्या कपाळाला आठी पडेल त्या मिनिटाची नोंद करा.

शेवटची श्रेयनामावली पूर्ण ठेवा, वेळ वाचवण्यासाठी ती कधीही कापू नका. ज्यांच्या श्रमांवर आपण काम केलं त्यांची नावं त्यात आहेत, संकलक डेव्हिड ब्रेनर यांचंही. तिच्या आधी एक साधी पाटी घाला: ही चाहत्यानं स्वतःच्या अभ्यासासाठी केलेली आवृत्ती आहे, मूळ चित्रपट अमुक, विक्रीसाठी नाही. स्वतःचं नाव दिग्दर्शकाच्या ओळीत लावू नका. फाइलच्या नावातही ‘फॅन-एडिट’ हा शब्द आणि तारीख असू द्या, म्हणजे उद्या ती कुणाच्या हाती लागली तरी मूळ चित्रपट समजून कुणी ती बघणार नाही.